आश्रमशाळेत गेलेली पोरं आणि मागे राहिलेलं घर

(कोल्हापूर इथे जंगल-जमिनीच्या प्रश्नावर भरलेल्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं हे भाषण. पाड्यावर, वाडीवर, धनगरवाड्यावर रात्रीच्या बैठकीत हे वाचून दाखवावं. चर्चा करून आपलं म्हणणं पुढच्या बैठकीला घेऊन यावं.)



काल दिवसभर आपण प्लॉट, पंचनामे, दंडाच्या पावत्या आणि फॉरेस्टचे गार्ड यांवर बोललो. आता पोरांवर बोलायचं आहे. कुणी म्हणेल, जमिनीच्या बैठकीत शाळेचं काय काम? काम आहे. ज्या जमिनीसाठी आपण मोर्चे काढतो, जेलात जातो, ती उद्या कसणार कोण? आपली पोरं. आणि आपली पोरं आज आहेत कुठे? बरीचशी आश्रमशाळेत आहेत, होस्टेलात आहेत, नाहीतर बाजाराच्या गावी कुणा पाहुण्याच्या घरी आहेत. वर्षातले नऊ-दहा महिने ती आपल्याजवळ नसतात. ती परत येतात तेव्हा कशी येतात, घरात कशी वागतात, घर त्यांच्याशी कसं वागतं, हे आपण सगळे बघतो. पण मोकळेपणाने बोलत नाही. आज बोलू.

आम्ही इथे बसलेले लोक तीन तऱ्हेच्या मुलखातले आहोत. ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवरचे, रायगडच्या कातकरी-ठाकूर वाड्यांवरचे, आणि इथल्याच राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरातले धनगरवाड्यांवरचे. भाषा वेगळी, रीत वेगळी, सरकारच्या यादीतला रकाना वेगळा. पण पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की घरातून उचलून लांब ठेवायचं, हे तिन्हीकडे सारखंच.

बोर्डिंगांच्या गावात

ज्या गावात आपण बसलोय ते कोल्हापूर तर बोर्डिंगांचंच गाव. दसरा चौकात उभं राहा, आजूबाजूला बोर्डिंगांच्या इमारती दिसतील. शाहू महाराजांनी हे का केलं ते समजून घेऊ. त्या काळी खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं तर त्याला खोली मिळत नव्हती, जेवण मिळत नव्हतं. जात आडवी यायची. महाराजांनी १८९६ साली सगळ्यांसाठी एक वसतिगृह काढून बघितलं, पण त्याचा फायदा वरच्या जातीच्या मुलांनाच झाला. मग १९०१ साली मराठ्यांचं बोर्डिंग झालं, त्याच साली जैनांचं झालं, १९०६ साली मुसलमानांचं, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल झालं. ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं त्यांच्या घरात वकील, मास्तर, कारकून झाले ते या बोर्डिंगांमुळे. कोल्हापूरच्याच जैन बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवली. तेव्हा बोर्डिंग म्हणजे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, महाराज नुसत्या बोर्डिंगांवर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे लहान पोरासाठी शाळा गावातच पाहिजे, आणि पुढच्या शिक्षणाला शहरात जायचं तर बोर्डिंग. दुसरी, त्यांनी जमिनीचा प्रश्नही हातात घेतला. १९१८ साली महार वतन बंद करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर केल्या. फासेपारध्यांची रोजची हजेरी बंद केली, त्यांना घरं दिली, जमिनी दिल्या. शाळा, घर आणि जमीन ही तिन्ही कामं त्यांनी एकत्र केली. आपल्या वाट्याला यातली शाळा आली, तीही लांबची. जमीन आलीच नाही.

आश्रमशाळा कशासाठी झाल्या

आपल्याकडे आश्रमशाळा आधी समाजसेवकांनी काढल्या. १९७२–७३ पासून सरकारने स्वतः काढायला सुरुवात केली. सरकारचं म्हणणं असं, की पाडे विखुरलेले, रस्ता नाही, पावसाळ्यात ओढे भरतात, मास्तर पोचत नाही. तेव्हा पोरांनाच एका जागी आणू. राहणं, जेवण, कपडे, वह्या सगळं फुकट.

आणि आपण पोरं पाठवली ती का, हेही खरं सांगू या. शिकावं म्हणून पाठवली, पण तेवढंच कारण नव्हतं. भाताचं सुगीचं काम आटपलं, दिवाळी झाली, की कातकरी वाडी ओस पडते. शेठची उचल घेतलेली असते, ती फेडायला माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. पावसाळ्याच्या तोंडाला परततात. तेवढे महिने वाडीवर एखादी म्हातारी आणि कोंबड्या. अशा वेळी पोराला भट्टीवर न्यायचं तर ते माती कालवणार, विटा उलटणार. आश्रमशाळेत ठेवलं तर निदान दोन वेळा खाणार. पावसाळ्यात घरातली नागली, वरई संपते तेव्हाही हाच हिशोब. आया म्हणतात, "तिकडे पोटाला तरी आहे." हे बोलणं हलकं घेऊ नका. पोरगं घरातून का जातं, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. घराला जमीन नाही, किंवा आहे ती सरकार आपली मानत नाही, म्हणून घर वर्षभर चालत नाही, म्हणून पोरगं आश्रमशाळेत.

पोराचं काय होतं

पहिल्याच दिवशी नाव बदलतं. आपल्यात सोमवारी जन्मली ती सोमी, बुधवारी जन्मली ती बुधी, मंगळवारचा मंगळ्या. मास्तर म्हणतात, हे काय नाव? आणि वहीत दुसरंच लिहितात. जन्माची तारीख विचारतात. आपण सांगतो, आवणीच्या दिवसांत झाला, मोठा पाऊस झाला त्या साली. मास्तर लिहितात, १ जून. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांचा वाढदिवस १ जूनला आहे? हात वर करा. (बरेच हात वर होतात. हशा.) हसू येतं खरं. पण पुढे जातीचा दाखला, जमिनीचा दावा, वारस नोंद करायची वेळ येते तेव्हा शाळेतलं नाव एक, घरातलं दुसरं, सातबारावर तिसरं. मग तलाठ्याकडे फेऱ्या मारा.

मग भाषा. सहा वर्षांचं पोरगं घरात वारली बोलतं, कातकरी बोलतं. वर्गात मास्तर पुस्तकाची मराठी बोलतात. पोराला काही कळत नाही. ते गप्प बसतं. मास्तर म्हणतात, हे मठ्ठ आहे. तेच पोरगं रानात पन्नास झाडं नावानिशी ओळखतं, खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं ते सांगतं. वर्गात त्या माहितीला किंमत नाही. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम घातलं गेलं. भाषेने अल्पसंख्य असलेल्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सरकारने करावी, असं ते सांगतं. आपल्या किती आश्रमशाळांत आपली भाषा येणारा मास्तर आहे?

रात्रीचं बघा. घरात पोरगं आजीच्या कुशीत झोपतं. तिथे फरशीवर एका ओळीत झोपायचं. शेजारच्याला खरूज झाली की सगळ्यांना. ताप आला तर डोक्यावर हात ठेवणारं कोणी नाही, अधीक्षकांना कळेपर्यंत सकाळ होते. लहान पोरींच्या डोक्यात उवा होतात, वेणी घालायला कोण? मोठ्या पोरी लहानींना सांभाळतात. त्याही दहा-बारा वर्षांच्याच असतात. पोरगी न्हाती-धुती होते तेव्हा आई जवळ नसते. आमच्या एका पाड्यावरची दोन पोरं आश्रमशाळेतून पळाली, रात्र जंगलात काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली. बापाने मारलं आणि परत नेऊन सोडलं. त्या बापाला दगडाच्या काळजाचा म्हणू नका. आठ दिवसांनी भट्टीवर जायचं होतं त्याला.

धनगरवाड्यावरच्या बाया सांगतात ते ऐका. वाड्यावर शाळा असली तर चौथीपर्यंत, तीही मास्तर चढून येतील त्या दिवशी. पुढे शिकायचं तर खाली उतरून बाजाराच्या गावी. होस्टेलात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर ओळखीच्या घरी. तिथे पोरगं शिकतं आणि त्या घरची धुणी-भांडी, गोठाही करतं. स्वतःच्या घरच्या म्हशी राखायला माणूस नाही, म्हणून मग धाकट्या बहिणीचं नाव शाळेतून कमी होतं. थोरला होस्टेलात, धाकटी म्हशींमागे. एका घरातली दोन पोरं, पण दोघांची ओळखच राहत नाही.

घराचं काय होतं

पोरगं सुट्टीत येतं. पहिली एक-दोन वर्षं रडत परत जातं. पुढे रडत नाही. आपण म्हणतो, रुळला. तो रुळतो, पण घरात आल्यावर पाहुण्यासारखा बसतो. नाचणीची भाकरी नको म्हणतो. आई बाजारात भेटली आणि वर्गातली पोरं बरोबर असली तर ओळख दाखवायला लाजतो. आई लुगडं गुडघ्यावर नेसते, तिला शुद्ध बोलता येत नाही, त्याची त्याला लाज. ही लाज पोटातून आलेली नाही, त्याला शिकवली गेली आहे. "असं बोलू नका, जंगली दिसता," हे दहा वर्षं ऐकलं की मनात बसतं.

आईबापही मग गप्प होतात. बाप पोराला काम सांगायला कचरतो. "तो शिकलेला, त्याला कशाला चिखलात घालू?" आवणी जुलैत असते, तेव्हा शाळा चालू. होळीला परीक्षेचे दिवस, मोह वेचायच्या वेळीही परीक्षा. म्हणजे घरातली मोठी कामं आणि सगळ्यात मोठा सण, दोन्ही वेळा पोरगं घरात नाही. तारपा कसा धरायचा, कणसरीची पूजा कशी करायची, भगत काय बोलतो, सुईण कुठलं मूळ देते, कडू कंद किती पाण्यातून काढला म्हणजे खाता येतो, हे सगळं हाताला हात लावून शिकायचं असतं. त्यासाठी पुस्तक नाही. हात जवळ नसेल तर ते जातं.

आणि दहावीला काय होतं? पास होऊन पुढे जाणारी थोडी. नापास होऊन परत येणारी पुष्कळ. त्या पोराला नांगर धरता येत नाही आणि नोकरी मिळत नाही. पाड्यावरच्या पोरांत तो मिसळत नाही, बाजारातली पोरं त्याला आपल्यात घेत नाहीत. लग्नाला न शिकलेली पोरगी नको म्हणतो. शिकलेल्या पोरीचं तर आणखी अवघड. "एवढी शिकली, आता रानात कशी जाईल," म्हणून तिला मागणी येत नाही. मग गुत्त्यावर कोण बसतो, पुढाऱ्यांच्या जीपमधून कोण फिरतो, फॉरेस्टचा मुखबिर कोण होतो, ते आपल्याला माहीत आहे. त्या पोरांना शिव्या घालून काही होणार नाही. त्यांना ना धड इकडचं ठेवलं, ना तिकडचं केलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या संघटनेत आज अर्ज कोण लिहितं? जीआर कोण वाचून दाखवतं? तहसीलदारासमोर न घाबरता कोण बोलतं? त्यातली बरीचशी पोरं-पोरी आश्रमशाळेतलीच आहेत. वेगवेगळ्या पाड्यांवरच्या पोरांची तिथे दोस्ती झाली म्हणून मोर्चाचा निरोप एका रात्रीत वीस पाड्यांवर जातो. काही पोरी तिथे राहिल्या म्हणून त्यांचं बालवयात लग्न झालं नाही. हे सगळं आश्रमशाळेच्या बाजूने मांडलं पाहिजे.

जमिनीशी संबंध कसा आहे

आता मुद्द्याचं. १९७८ च्या आधीपासूनचं अतिक्रमण नियमित करायचं ठरलं. त्यात आपल्याला पुरावा काय मागायचे? कागद. दंडाची पावती, नोंद, दाखला. पण जमिनीवर पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा नुसता कागद पुरत नाही. हद्द दाखवावी लागते. ही आपली दळी, इथून त्या ऐनापर्यंत, मग ओढ्याच्या वळणाने, त्या उभ्या दगडापर्यंत. हा बांध आज्याने घातला, इथे जुना राब भाजायचो, हे खळं, हा देव. हे कोण सांगतं? म्हातारा सांगतो. त्याला वाचता येत नाही. सर्वेअर नकाशावर तिसरीकडेच रेघ मारतो, ती त्याला कळत नाही. शिकलेल्या नातवाला नकाशा वाचता येतो, पण तो ऐन कुठला आणि तो दगड कुठला ते त्याला माहीत नाही, कारण गुरं राखायच्या वयात तो होस्टेलात होता. दोघं एका घरातले. दोघांकडे अर्धा-अर्धा पुरावा आहे. ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत तर दावा बुडतो.

इथे राधानगरीचं अभयारण्य १९५८ साली झालं, १९८५ साली वाढवलं. जुन्या चराईच्या वाटा, पाणवठे, वाड्यांच्या जुन्या जागा हे सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ती माणसं गेली की सरकार म्हणेल, इथे तुम्ही कधी नव्हताच. आणि तेव्हा आपल्या शिकलेल्या पोराला उत्तर देता येणार नाही. दगड ओळखणारा आणि कागद वाचणारा, दोन्ही एकाच माणसात आले पाहिजेत. ते होईपर्यंत निदान दोघं शेजारी बसले पाहिजेत.

दुसरीकडे काय झालं

हे जगभर झालेलं आहे. अमेरिकेत १८७९ साली कार्लाइल नावाच्या गावी तिथल्या आदिवासींच्या पोरांसाठी बोर्डिंग शाळा काढली. एक लष्करी अधिकारी ती चालवत होता. पोरांचे लांब केस कापले, नावं बदलली, आपली भाषा बोलली तर शिक्षा. त्याच काळात तिथल्या आदिवासींच्या जमिनीही तुकडे करून हातातून काढल्या जात होत्या. कॅनडातही अशाच शाळा होत्या, तिथे पोरांचा फार छळ झाला. १९९८ साली कॅनडाच्या सरकारला त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ऑस्ट्रेलियात आयांकडून काढून नेलेल्या पोरांबद्दलचा मोठा अहवाल १९९७ साली निघाला. तिकडे बळजबरी होती, कायद्याने पोरं नेली. आपल्याकडे पोलीस येऊन पोरं नेत नाहीत, आपणच नेऊन सोडतो. फरक आहे. पण भूक हीदेखील बळजबरीच आहे.

आपल्या जवळची चांगली उदाहरणंही आहेत. डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोरं गुरांमागे जातात ना, मग शाळाच कुरणात नेली. शिकणं पोरांच्या मागून गेलं. नर्मदेच्या काठी, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, धरणाविरुद्ध लढणाऱ्या गावांनी जीवनशाळा काढल्या. तिथेही पोरं राहतात, पण शाळा गावात आहे, कुडाची इमारत गावाने बांधली आहे, मास्तर आपल्यातले आहेत, सुरुवात पोराच्या भाषेतून होते, झाडं-नदी-जमीन हाही अभ्यास आहे. आईबाप येता-जाता पोराला बघतात. म्हणजे राहण्याची शाळा असूनही घर तुटत नाही, असं करता येतं.

मग आपण काय करायचं

पोरं शाळेतून काढा, असं आम्ही सांगत नाही. शाळा पाहिजेच. पण ती घर मोडून नको. संघटनेने पुढे ठेवलेले मुद्दे असे :

१. चौथीपर्यंतची शाळा पाड्यावर, वाडीवर, वाड्यावरच पाहिजे. सहा वर्षांचं पोरगं लांब पाठवायची वेळ येऊ नये. मास्तर वर राहिला पाहिजे, त्याच्या खोलीसाठी गाव हात लावेल.

२. पहिल्या वर्गांना आपली बोली येणारा मास्तर किंवा बाई पाहिजे. आपल्यातले दहावी-बारावी झालेले रिकामे बसलेत, त्यांना ट्रेनिंग देऊन घ्या.

३. सुट्ट्या आपल्या कामाच्या आणि सणांच्या हिशोबाने. आवणीला आठ दिवस, होळीला आठ दिवस. त्या बदल्यात दुसऱ्या सुट्ट्या कमी करा.

४. आईबापांना कधीही भेटायची मोकळीक. पोरगं आजारी पडलं तर त्याच दिवशी पाड्यावर निरोप. पोरींच्या होस्टेलात बाई अधीक्षिका रात्री हजर पाहिजे, कागदावर नको.

५. दर महिन्याला पाड्यातल्या दोन बाया आणि दोन बाप्यांनी आश्रमशाळेत जायचं. पोरांच्या पंगतीला बसून जेवायचं, झोपायची जागा, संडास, पाणी बघायचं. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात सामाजिक कामाच्या संस्थांवर आणि त्यांच्या नोकरांवर गावाचं नियंत्रण मानलं आहे. आश्रमशाळा त्यात येते. इथला कोल्हापूर जिल्हा त्या क्षेत्रात नाही, तरी आईबापाचा हक्क कुठल्या क्षेत्रावर अवलंबून नाही.

६. मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येक पाड्यावर शिवारफेरी. म्हातारे पुढे, शाळेतली पोरं वही घेऊन मागे. प्रत्येक दळीची, ओढ्याची, दगडाची, झाडाची, देवाच्या जागेची नावं लिहायची. शेवटी नकाशा काढायचा. त्याच्या दोन प्रती करा, एक पाड्यावर आणि एक संघटनेच्या कचेरीत. हे काम सरकारची वाट न बघता याच वर्षी सुरू होऊ शकतं.

७. आणि मूळ मागणी, जमिनीची. जिथे प्लॉट हातात राहिला, बांध-बंदिस्ती झाली, दुसरं पीक निघालं, तिथे माणसं भट्टीवर जायची कमी झाली, आणि तिथली लहान पोरं घरात दिसतात. दावा मंजूर करून घ्या, रोजगार हमीचं काम पाड्याजवळ मागा. घर वर्षभर चालू राहिलं तर पोराला केवळ पोटासाठी लांब ठेवावं लागणार नाही.

शाळेतल्या पोरांना एक सांगणं आहे. हे बुलेटिन तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुमच्याशीच बोलतो. तुम्ही वाचत असताना समोर आई बसली असेल, आजा बसला असेल. वाचून झालं की कागद खाली ठेवा आणि त्यांना विचारा, आपल्या जमिनीची पूर्वेची हद्द कुठून जाते. ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने सांगायचं आहे : आपली किती पोरं बाहेर राहतात, किती शाळेत, किती भट्टीवर, आणि शिवारफेरी कधी ठरली.

जिंदाबाद!